रामेश्वरासाठी साठवलेले पॉइंट

मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि सवयीने मोबाइल पाहिला. जाहिरातींच्या गर्दीत बँकेचा एक मेसेज होता. आपल्या विनंतीनुसार आपलं क्रेडिट कार्ड बंद करण्यात आलं आहे. मी तो वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मी कोणालाही कसलीही विनंती केली नव्हती. हातातला पोळीचा तुकडा हातातच राहिला. समोर बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "काय झालं? चेहरा काहून उतरला एकदम?"

घाईघाईने बँकेचं ॲप उघडलं. आदल्या दिवशी सकाळी जिथे माझे पॉइंट दिसत होते, तिथे आता काहीच नव्हतं. शून्यसुद्धा नव्हतं. ते पानच उघडत नव्हतं. कोणीतरी आपल्याला लुटलं, एवढंच डोक्यात आलं. हल्ली रोज ऐकतो ना, अमक्याला फोन आला, तमक्याने आकडे सांगितले आणि खातं साफ झालं. त्या लोकांना मी मनातल्या मनात बावळट म्हणत असे. आता माझी पाळी आली, असं वाटून कान गरम झाले.

माहेरच्या गावी, सानगडीच्या शाखेत फोन लावला. तिथले साहेब आमच्या घराला ओळखतात. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, काही फसवणूक नाही. तुमचे बाबा स्वतः आले होते न मागच्या आठवड्यात. अर्ज देऊन गेले कार्ड बंद करायचा."

"बाबा?"

"हो. मी म्हटलं त्यांना, काका, खूप पॉइंट जमा दिसतात, पहिले वापरून घ्या, मग बंद करा. तर म्हणे, नोको, फुकटचं काही नोको आपल्याले. सही करून गेले. मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल."

"आणि ते पॉइंट?"

"कार्ड बंद झालं की ते जातात, मॅडम. आमच्या हातात काही राहत नाही."

मी फोन ठेवला. चार वर्षं! चार वर्षं मी ते पॉइंट एकेक करून जमवले होते, आईला विमानाने रामेश्वरला न्यायचं म्हणून. आणि माझ्या सख्ख्या बापाने एका सहीत ते घालवले होते. पुढचा तास सहावीचा होता. फळ्यावर काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

हे कार्ड आलं कसं, ते सांगायला हवं. मी साकोलीला एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. पगार कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचा एकदम, आणि तोही किती ते विचारू नये. माझ्या नावावर कार्ड द्यायला बँक तयार नव्हती. नवऱ्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यालाही नाही म्हणाले. मग त्याच साहेबांनी सुचवलं, की वडिलांची मुदत ठेव आहे एक लाखाची, तिच्यावर कार्ड मिळतं. ठेव ठेवच राहते, व्याजही मिळत राहतं, फक्त कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. कार्ड बाबांच्या नावाचं, मोबाइल नंबर माझा, आणि वापरणार मी.

बाबांना पटवणं सोपं नव्हतं. आयुष्यभर ते धानाच्या अडतीत मापारी होते. शेतकऱ्याचं धान काट्यावर चढवायचं, वजन मोठ्याने सांगायचं, ना त्याचा एक दाणा जास्त, ना मालकाचा एक दाणा कमी. त्यांनी कधी कोणाकडून उसने पैसे घेतले नाहीत. किराणाही रोखीने. आमच्या लहानपणी घरात साखर संपली तर दोन दिवस गुळाचा चहा व्हायचा, पण शेजारी वाटी जायची नाही. अशा माणसाला मी म्हटलं, की महिनाभर बँकेचे पैसे वापरायचे आणि महिना संपला की भरून टाकायचे.

"कायले?" बाबांनी विचारलं.

"पॉइंट मिळतात, बाबा. ते जमवले की विमानाचं तिकीट निघतं."

"हं," बाबा म्हणाले, आणि सही केली. त्या 'हं'चा अर्थ मी माझ्या सोयीने घेतला. त्यांना सगळं नीट समजलं आहे, असं मी धरून चालले. मुलांना गणित शिकवताना मी दहादा विचारते, समजलं का, पुन्हा सांगू का. बापाला एकदाही विचारलं नाही.

विमानच का, असं कोणीही विचारेल. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे, आत स्क्रू बसवलेले आहेत. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाचे दचके सक्त मना केले होते. एकदा तिला साकोलीहून नागपूरला एसटीने नेलं तर पुढचे तीन दिवस ती अंथरुणावरून उठली नाही. रेल्वेने दीड-दोन दिवस जायचं म्हणजे प्रश्नच मिटला. आणि तिला रामेश्वरला जायचं होतं. देवासाठी म्हणे ती, पण खरी ओढ समुद्राची होती. सानगडीत जन्म गेला, तलाव, बोड्या, नाले सगळे पाहून झाले. एकदा बोडीच्या काठावर धुणं धुताना ती म्हणाली होती, "इथं पलीकडचा काठ दिसते. समुद्राचा नाई दिसत म्हणतात. खरं अशीन का?" मी तेव्हाच ठरवलं, की हिला दाखवायचा.

मग मी कामाला लागले. मी मुळात वहीत आखून जगणारी बाई आहे, आणि कार्डाच्या बाबतीत तर मी स्वतःवरच हेडमास्तरीण झाले. पैसे हातात असतील तरच कार्ड घासायचं. पॉइंट मिळतात म्हणून एक चमचाही जास्त घ्यायचा नाही. कार्डावरून रोख रक्कम कधीच काढायची नाही. बिल आलं की शेवटच्या तारखेची वाट न पाहता पूर्ण भरायचं, अर्धवट नाही. घरचा किराणा, विजेचं बिल, गॅस, मुलाची फी, दुकानाचा माल, सगळं कार्डावर. शाळेतल्या कोणाला फ्रीज घ्यायचा असेल, कोणाला गाडीचा विमा भरायचा असेल, तर मी म्हणायची, रोख माझ्या हातात द्या, मी कार्डाने भरते. आधी रोख, मगच कार्ड. एका सरांनी "उद्या देतो" म्हटलं तर मी तोंडावर नाही म्हटलं. त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला काही फरक पडला नाही.

लोक हसायचे. नवरा म्हणायचा, "तू आता भाजीवालीलेही मशीन घ्याले लावशील." हसू दे. दर महिन्याला पॉइंट वाढले की मला आपण काहीतरी चोरून आणल्यासारखा आनंद व्हायचा. नवा पैसा खर्च न करता कोणी आपल्याला विमानात बसवणार, यावर पहिल्या वर्षी तर माझा विश्वासच बसत नव्हता.

आईचाही बसत नव्हता. तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं, बाबांपेक्षा तिला जास्त. ऐकून ती म्हणाली, "फुकट कोनी कोनाले देत नाई. कोनाच्या तरी घरून येऊन राहिलं अशीन."

मी हसून सोडून दिलं. पण तिसऱ्या वर्षी त्याचं उत्तर मला माझ्याच शाळेत मिळालं, आणि ते ऐकून मी हादरले. आमच्यातल्या एका तरुण सरांनी माझं पाहून कार्ड घेतलं. त्यांना मिळालंही चटकन. मी सांगितलेले नियम त्यांनी मान हलवून ऐकले. सहा महिन्यांनी ते माझ्याकडे बिल घेऊन आले. बिलावर दोन रकमा असतात, एक पूर्ण आणि एक कमीत कमी. ते दर महिन्याला कमीत कमी भरत होते. त्यांना वाटत होतं, बँकेने सवलत दिली आहे. उरलेल्यावर व्याज चढत होतं. सावकारही लाजेल असं ते व्याज होतं. त्यांनी एक मोबाइल घेतला होता, आणि सहा महिने पैसे भरूनही मूळ रक्कम जेमतेम हलली होती.

मी त्यांच्यासोबत बसून आकडे मांडले. बायकोचे दोन दागिने मोडून त्यांनी ते एकदाचं मिटवलं, कार्ड कात्रीने कापलं. त्या दिवशी घरी येताना माझ्या डोक्यात आईचं वाक्य घोळत होतं. माझे पॉइंट यांच्यासारख्यांच्या घरूनच येत होते. मी शहाणी म्हणून मला फुकट, आणि ते भोळे म्हणून त्यांना भुर्दंड. मला लाज वाटली. पण खरं सांगते, कार्ड मी बंद केलं नाही. रामेश्वर जवळ आलं होतं.

या वर्षी पोळ्याच्या सुमारास आई-बाबांची जाण्यायेण्याची तिकिटं निघतील एवढे पॉइंट झाले. नागपूरहून चेन्नई, चेन्नईहून मदुराई; नागपूरपर्यंत आणि मदुराईच्या पुढे भाड्याच्या गाडीत तिला मागच्या सीटवर आडवं झोपवून, थांबत थांबत न्यायचं. माझं तिकीट मी पगारातून काढणार होते. तेव्हाच बसून तिकिटं काढली असती तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण मला हाव सुटली. म्हटलं, अजून तीन-चार महिन्यांत माझंही तिकीट पॉइंटांतच बसेल. जानेवारीत भाडंही कमी असतं. थांबू. इतरांना नियम शिकवणारी मी, स्वतःच्या हावेचा नियम मात्र वहीत लिहिलाच नव्हता.

आई-बाबांना मी सांगून टाकलं, जानेवारीत रामेश्वर पक्कं. त्या दिवसापासून बाबांनी तयारी सुरू केली. आमच्याकडे जुनी माणसं दूरच्या यात्रेला निघताना गावात फिरून सगळ्यांचं देणं-घेणं मिटवतात आणि बोललं-चाललं माफ करा म्हणतात. पूर्वी काशीला गेलेला माणूस परत येईलच असा भरवसा नसायचा, त्यामुळे मागे काही ठेवून जायचं नाही. आता कोणी ते फारसं पाळत नाही. लोक सकाळी बॅग भरतात आणि दुपारी स्टेटस टाकतात. बाबांनी मात्र ते मनावर घेतलं.

आई रोज फोनवर मला बातम्या द्यायची. आज न्हाव्याचं वर्षाचं धान पोहोचतं केलं. आज सायकलच्या दुकानात जाऊन विचारून आले, माह्याकडं काई राहिलं का. आज कोणाची तरी कुदळ परत केली, जी आमच्या गोठ्यात किती वर्षं पडून होती ते कोणालाच माहीत नव्हतं, ज्याची होती त्यालाही नाही. एक दिवस ते नालीच्या भांडणावरून बारा वर्षं अबोला धरलेल्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले, म्हणाले, "यात्रेले जाऊन राहिलो. काई बोललो असन त माफ करजा." तो शेजारी रडला म्हणे. आई हे सांगताना हसत होती, आणि मीही ऐकून हसत होते. मला बाबांचं कौतुक वाटत होतं. ते एकेक दार करत बँकेपर्यंत पोहोचतील, हे मात्र माझ्या स्वप्नातही आलं नाही.

बँकेकडूनही बहुतेक अर्ज मिळाल्याचा मेसेज आला असणार. पण रोज पन्नास मेसेज येतात, कर्ज घ्या, विमा घ्या, कार्डाची मर्यादा वाढवा. मी ते न वाचताच पुसते. तोही पुसला असेल. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

शाळा सुटताच स्कूटी काढली आणि सरळ सानगडीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे रचून ठेवले होते, कुठे मळणीयंत्र घरघरत होतं, रस्ताभर भुसा उडत होता. एरवी मी थांबून ओळखीच्या कोणाला हाक मारली असती. त्या दिवशी मी स्कूटीवरच बाबांशी भांडत होते. काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं.

बाबा ओसरीवर बसून सुंभाची दोरी वळत होते. आई भिंतीला पाठ टेकून तांदूळ निवडत होती. मला अवेळी आलेली पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"बाबा, कार्ड काहून बंद केलं तुम्ही?"

मी एवढ्या मोठ्याने बोलले की पलीकडच्या घरातली बाई दारात आली. बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचं काही चिन्हच नव्हतं. उलट एखादं अवघड काम नीट पार पडल्याचं समाधान होतं.

"झालं का बंद? बरं झालं. तेवढंच राहिलं होतं," ते म्हणाले.

"काय बरं झालं? आईचं तिकीट होतं त्याच्यात! तुमचं होतं! चार वर्षं जमवले होते मी!"

"जमवले? कार्ड मनजे उधारीच न? तूच म्हने, महिनाभर बँकेचे पैसे, मंग आपन भरतो. देवाच्या दारी उधारीनं जाऊ का मी?"

"उधारी नव्हती बाबा ती! पॉइंट होते, पॉइंट! त्या साहेबांनी सांगितलं तुम्हाला, पहिले वापरून घ्या म्हणून!"

"ते फुकटचं म्हने. फुकटचं घेऊन यात्रेले जाते का कोनी?"

मी डोकं धरून खाली बसले. मग सगळं सांगितलं. किराणा सांगितला, फी सांगितली, दुकानाचा माल, सरांचा फ्रीज, चार वर्षांची वही, सगळं. सांगता सांगता आवाज चढत गेला. बापाशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. "तुम्हाला विचारावंसंही वाटलं नाही मला? एक फोन करता आला नाही? सगळ्या गावाला विचारत फिरले, पोरीला सोडून!"

बाबांच्या हातातली दोरी थांबली. त्यांना आता समजलं होतं. मापात चूक झालेली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावी, असा त्यांचा चेहरा झाला. मग हळूच म्हणाले, "उधारीचं त होतंच. पन दुसरं बी होतं, माय. ते पैसे अडकून होते न बँकेत. कार्ड हाय तोपर्यंत मोडता येत नाई म्हने."

"मग अडकू दे ना! कुठे पळून जात होते?"

"ते कायचे पैसे आहेत, मालूम आहे तुले?"

मला माहीत नव्हतं. ठेव म्हणजे ठेव. बाबांची बचत. मी कधी विचारलंच नव्हतं.

"तेरवीचे आहेत," बाबा म्हणाले. "माह्या अन तुह्या मायच्या. दोघायच्या. अडतीतून निघालो तवा जे भेटले ते तसेच ठेवले. यात्रेले गेलेला मानूस वापस येतेच असं नाई. रस्त्यात काई झालं, अन पैसे तिकडं अडकून राहिले, त तुले कोनाच्या दारात उभं राहा लागन. म्हनून मोकळे करून ठेवले."

चार वर्षं मी ज्या ठेवीच्या जोरावर कार्ड घासत होते, साबण घेत होते, मुलाची फी भरत होते, ती माझ्या आई-बापाच्या तेराव्या दिवसाच्या जेवणाची होती. मी एखाद्या महिन्यात चुकले असते, त्या तरुण सरांसारखी कमीत कमी भरत बसले असते, तर बँकेने हात त्याच पैशांवर टाकला असता. आणि हे माहीत असूनही या माणसाने त्या दिवशी फक्त 'हं' म्हणून सही केली होती. कारण पोरगी मागत होती. सगळे नियम पाळले म्हणून मी चार वर्षं स्वतःवर खूश होते, आणि मी काय गहाण ठेवलं आहे तेच मला माहीत नव्हतं.

"बाबा, मला सांगायचं ना तेव्हा," मी कसंबसं म्हटलं.

"असं सांगते का कोनी पोरीले?" बाबा म्हणाले.

पलीकडची बाई केव्हाच आत गेली होती. मला एकच दिसत होतं, की आईचं रामेश्वर गेलं. पुन्हा चार वर्षं जमवायचे म्हटलं तर तिचा मणका चार वर्षं थांबणार आहे का, ते कोणी सांगावं. रोखीने काढायचं म्हटलं तर माझा पगार पुढच्या महिन्यात होईल की नाही, याचाच पत्ता नव्हता. दुकानही कसंबसं चाललं होतं. मी आईकडे पाहायचंच टाळत होते.

मग आई बोलली. माझ्याशी नाही, बाबांशी.

"मोकळे झाले न आता पैसे?"

"झाले," बाबा म्हणाले.

"मंग मोडा."

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. मीही.

"कायले मोडा?"

"रामेश्वरले जाले. तिकिटा काढा त्याच्यात."

"अवं, तेरवीचे पैसे आहेत ते!"

"मालूम आहे मले कायचे आहेत ते. तेरवीत सारं गाव जेवन. बुंदी खाईन, भात खाईन, अन माह्या नावानं ढेकर देईन. मी येऊन राहिली का तिथं पाहाले? मले जे पाहाचं आहे ते आता दाखवा."

आई असं बोलेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. बाबांसमोर ती आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं ती हे म्हणत होती. पण तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते, आणि मला पहिल्यांदा कळलं, की समुद्र पाहायचा म्हणजे तिला किती पाहायचा आहे. मी तिकिटांचा, पॉइंटांचा, भाड्याचा विचार केला होता. ती रोज मनातल्या मनात तिथे जाऊन येत होती.

माणूस आयुष्यभर दुसऱ्याचं देणं मागे ठेवायचं नाही म्हणून जगला, आणि आता स्वतःची बायकोच त्याला सांगत होती, की ठेवा मागे. ते हलक्या आवाजात म्हणाले, "अन मंग मेल्यावर?"

"मेल्यावर पोरगी आहे न," आई म्हणाली. "नवं कार्ड काढन ते. त्याच्यावर करन आपली तेरवी. तिले पाइंट भेटतीन."

"आई!" मी किंचाळलेच. असं कोणी बोलतं का, कोणती आई असं बोलते, मला काय वाटेल, हे सगळं एकदम तोंडात आलं. आईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तांदळातला एक खडा काढून अंगणात फेकला.

मी बाबांकडे पाहिलं. आता हे चिडतील, उठून निघून जातील, असं वाटलं. पण बाबा गंभीर होऊन विचार करत होते. काट्यावर पोतं चढलं की काटा थांबेपर्यंत ते जसे पाहत राहायचे, तसे पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, अगदी खरं विचारलं.

"तेरवीच्या किरान्यावर बी भेटते का ते पाइंट?"

मला उत्तर माहीत होतं. चार वर्षांत त्या कार्डाबद्दल मला माहीत नसलेलं काही राहिलं नव्हतं.

"भेटतात, बाबा," मी म्हटलं, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू फुटलं. मी शाळेच्या साडीतच ओसरीवर हमसून हमसून रडायला लागले. बाबा उठले, आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन त्यांनी ठेवीची पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिघायच्या काढ."